कथकची प्रारंभिक झाली, आता डब्लिनला जातोय. तिकडच्या आयरिश डान्सच्या ग्रेड परीक्षांबद्दल कोणी सांगेल का?

रेवाची_आई (प्रतापनगर, नागपूर)

नमस्कार, प्रश्न थोडा लांब होईल पण प्लीज पूर्ण वाचा. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, कथक शिकते, गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, म्हणजे अगदी पहिली परीक्षा, मागच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात दिली आणि छान पास झाली. आता यांना कंपनीकडून डब्लिनला पाठवून राहिले आहेत, निदान तीन वर्षं तरी, आणि आम्ही दोघी तिकडची शाळा सुरू व्हायच्या आधी ऑगस्टमध्ये जाणार.

तर झालं असं की डब्लिनचं नाव निघाल्यापासून पोरीनं यूट्यूबवर आयरिश डान्स शोधून काढला. आता दिवसभर हात दोन्ही बाजूंना चिकटवून हॉलमध्ये उड्या मारून राहिली आहे. तिला तो शिकायचाच आहे. मी थोडं वाचलं तर तिकडे पण आपल्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या परीक्षा असतात असं दिसलं, ग्रेड एक, ग्रेड दोन असं. पण नेमकं काय असतं, सक्तीचं असतं का, लहान मुलांना झेपतं का, किती वर्षं लागतात काहीच कळलं नाही. कथक केलेल्या मुलीला त्याचा काही उपयोग होतो का की उलट अडचणच होते?

दुसरा प्रश्न इथला. क्लासमध्ये सगळ्या जणी म्हणतात की जायच्या आधी एप्रिल-मेच्या सत्रात प्रवेशिका प्रथम, म्हणजे पुढची परीक्षा, देऊन टाक, एक सर्टिफिकेट जास्त होईल, फॉर्म आत्ताच भरावा लागेल. सासूबाई म्हणतात पोरीला काहून दमवता, ४५ डिग्रीत परीक्षा आणि वरून घर आवरायचं. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून इथं विचारते आहे. मुलीला विचारलं तर ती म्हणते, "दोन्ही देते", तिला काय, तिला सगळंच द्यायचं असतं.

ल्यूकनची_वैदर्भी

अगं बाप्पा, अगदी माझाच विषय! मी मूळची धरमपेठची, आता डब्लिनजवळ ल्यूकनला राहते, आणि माझी मोठी मुलगी आयरिश डान्स शिकते, ग्रेड परीक्षा पण देते. मी तुला तूच म्हणते, चालेल ना. नीट सगळं लिहिते कारण मला हे सांगणारं तेव्हा कोणीच नव्हतं.

पहिले हे समजून घे की इथं दोन वेगळ्या वाटा आहेत. एक म्हणजे स्पर्धा, तिला फेश म्हणतात. तिथं पोरी एकमेकींसोबत स्टेजवर उतरतात, परीक्षक क्रमांक लावतात, जिंकलं की वरच्या पातळीत जायचं, आणि मग ते चकचकीत ड्रेस, कुरळे विग, मेकअप, वीकेंडला गावोगाव गाडी घेऊन फिरणं हे सगळं सुरू होतं. दुसरी वाट ग्रेड परीक्षांची. त्यात पहिला दुसरा नंबर नाही, कोणाला हरवायचं नाही. मुलगी खोलीत जाते, परीक्षक टेबलाशी बसलेले असतात, ठरलेले डान्स करून दाखवायचे. आईबाप बाहेर. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात, फक्त एक पण चालते, आणि सक्ती कशाचीच नाही. आमच्या क्लासमध्ये अशा कितीतरी मुली आहेत ज्या कधीच फेशला गेल्या नाहीत पण दर वर्षी ग्रेड देतात. माझी पण त्यातलीच, तिला स्पर्धेचं वातावरण सोसत नाही, आणि ग्रेडमुळे तिचा डान्स टिकला असं मी अगदी मनापासून म्हणते.

इथली सगळ्यात मोठी संस्था म्हणजे अन कमिशून ले रिंकी गेलाखा, लोक नुसतं कमिशून म्हणतात. ही १९३० च्या सुमारास उभी राहिली, त्यामागे गेलिक लीग होती, १८९३ ची, आयरिश भाषा आणि संस्कृती जपायला निघालेली. म्हणजे बघ, पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं त्याच काळातली ही धडपड आहे, दोन्हीकडे इंग्रजांचं राज्य आणि दोन्हीकडे लोक आपलं गाणं-नाचणं शाळेत बसवून राहिले होते. मला हे कळलं तेव्हा फार आपलेपणा वाटला. आता कमिशूनशिवाय दुसऱ्या संस्था पण आहेत, त्यामुळे क्लास लावताना पहिला प्रश्न हाच विचार की तुमची शाळा कुठल्या संस्थेशी जोडलेली आहे, कारण परीक्षा त्या संस्थेची असते.

कमिशूनच्या एकूण १२ ग्रेड आहेत. क्रमानंच द्यायच्या, मधली गाळून वरच्यावर उडी मारता येत नाही. सुरुवातीला मऊ चपलांचे डान्स, रील, लाइट जिग, मग सिंगल जिग, स्लिप जिग. पुढे कडक बूट येतात, ज्यांच्या टाचेला आणि पुढच्या टोकाला फायबरग्लासचं कवच असतं, त्यात ट्रेबल जिग आणि हॉर्नपाइप. आणखी वर गेलं की पारंपरिक सेट येतात, सेंट पॅट्रिक्स डे, ब्लॅकबर्ड वगैरे, त्यांची पावलं ठरलेली आहेत, शिक्षकानं स्वतः बसवायची नाहीत. मला त्यातच सगळ्यात जास्त मजा वाटते. इथली मुलगी आणि अमेरिकेतली मुलगी एकच सेट तसाच्या तसा करतात. वरच्या ग्रेडला 'केली' (céilí) नावाच्या समूहनृत्यांची पण माहिती लागते, ती अधिकृत अशी ३० आहेत, वॉल्स ऑफ लिमरिक, फोर हँड रील, हेमेकर्स जिग अशी नावं. १२ ग्रेड व्हायला वर्षानुवर्षं लागतात, काही मुली शाळा संपेपर्यंत देत राहतात, काही पाच-सहावर थांबतात, कोणी काही म्हणत नाही.

कथकचा उपयोग होतो का? भरपूर. आणि अडचण पण होते, खोटं कशाला सांगू. उपयोग असा की रेवाला तत्कार, म्हणजे पायांनी वाजवायचे बोल, येतो. ता थेई थेई तत् उजव्यानं सुरू, आ थेई थेई तत् डाव्यानं. इथं प्रत्येक स्टेप आधी उजव्या पायानं आठ बार (बार म्हणजे संगीतातला तालाचा एक छोटा तुकडा) आणि मग तीच्या तीच डाव्या पायानं आठ बार करायची असते. इथल्या नवीन पोरींना डावी बाजू जड जाते, महिनोन्‌महिने अडतात. आपल्या पोरींचं डोकं त्याला तयार असतं. शिवाय रीलचे आठ बार म्हणजे ४ च्या हिशोबानं ३२ मात्रा, १६ मात्रांच्या तीनतालाची सरळ दोन आवर्तनं, तिला आत कुठेतरी ते ऐकू येईल. शिक्षिका पण तोंडानं बोल म्हणूनच शिकवतात, "हॉप वन टू थ्री", सेव्हन्स आणि थ्रीज, ऐकलं की मला पढंतच आठवते.

अडचण ही की कथकमध्ये अख्खा तळवा जमिनीवर आपटतो, वजन खाली. इथं टाच खाली टेकलीच नाही पाहिजे, पाय बाहेर वळवलेले, एकमेकांवर क्रॉस, सगळं शरीर वर ओढलेलं. माझ्या मुलीच्या टाचा पहिलं वर्षभर खाली येत होत्या, परीक्षकांनी शेऱ्यात तेच लिहिलं. आणि हात! हस्तक, म्हणजे हातांच्या ठरलेल्या हालचाली, करायची सवय असलेल्या पोरीला हात बाजूला गप्प ठेवायला सांगणं म्हणजे शिक्षाच वाटते तिला सुरुवातीला. ते सुटायला वेळ द्यावा लागतो. स्लिप जिगची लय पण वेगळी, ९/८, तीन-तीन-तीन, सोळा मात्रांच्या कानाला ती आधी लंगडी वाटते आणि नंतर तीच सगळ्यात गोड लागते.

परीक्षेनंतर सर्टिफिकेट आणि परीक्षकांचे शेरे मिळतात. ते शेरे जपून ठेव, सर्टिफिकेटपेक्षा ते कामाचे.

घुंगरू_लक्ष्मीनगर

वरची माहिती वाचून फार बरं वाटलं. मी नागपुरात कथक शिकवते, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. माझं स्पष्ट मत आहे, एप्रिलची परीक्षा घाईनं देऊ नका.

कारण सांगते. प्रारंभिक नुकतीच झाली. प्रवेशिका प्रथमसाठी नुसते चार तोडे (नाचाच्या छोट्या रचना) जास्त पाठ केले की झालं असं पालकांना वाटतं, आणि चार महिन्यांत पाठ होतातही, मुलांची स्मरणशक्ती जबरदस्त असते. पण परीक्षक मधेच थांबवतात आणि म्हणतात, हाच तुकडा हातावर ताल धरून म्हण. किंवा तत्कार ठायमधून (मूळ लयीतून) दुगुन (दुप्पट), दुगुनमधून चौगुन (चौपट) आणि परत ठायला ये. परत ठायला येणं हे खरं अवघड आहे, मोठ्या मुलींची लय तिथं सरकते. ते पाठांतरानं येत नाही, रोज थोडं थोडं करूनच अंगात मुरतं. घाईत पास झालेल्या मुलींना मी मध्यमाच्या, म्हणजे आणखी वरच्या परीक्षेच्या, वेळी पाहते, लेखी पेपर छान लिहितात, तालाची व्याख्या, लयीची व्याख्या सगळं बरोबर, आणि लहरा (नाचाला साथ देणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) लावला की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला चाचपडतात. मग मागे जाऊन सगळं पुन्हा करावं लागतं आणि तोपर्यंत मुलीचं मन उडालेलं असतं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

परीक्षा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, उलट मी माझ्या सगळ्या मुलींना बसवते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं एका अनोळखी मोठ्या माणसासमोर एकटीनं उभं राहून, नमस्कार करून, "मी आता तीनतालात तोडा सादर करते" असं म्हणणं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती परीक्षा शिकून झालेल्या गोष्टीची असावी. शिकणं परीक्षेच्या तारखेनुसार धावायला लागलं की गडबड होते.

तर ऑगस्टपर्यंत तुमच्याकडे जो वेळ आहे त्यात तिच्याकडून एकच करून घ्या. जे येतं ते पक्कं. तत्कार तीन लयींत, आलेले सगळे तोडे, आणि सगळ्याची पढंत, हातावर ताल देऊन. तिच्या ताईंना विनंती करून ती पढंत मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, लहरा पण घ्या वेगवेगळ्या लयींतला. डब्लिनला कथकचा क्लास मिळाला नाही तरी रोज पंधरा-वीस मिनिटं ती घरी करू शकेल. मंडळाची परदेशातही केंद्रं आहेत, तिकडे जवळपास आहे का ते मंडळाकडे विचारून घ्या. नसलं तरी मुलगी परत येईल तेव्हा प्रवेशिकेचा फॉर्म इथंच आहे, कुठे जात नाही.

आणि एक, दोन्ही नाच एकत्र शिकताना घरी कथकचा रियाज आणि आयरिशचा सराव लागोपाठ घेऊ नका. एक सकाळी एक संध्याकाळी. पायांना दोन वेगळ्या सवयी लावायच्या आहेत, त्यात मोकळी जागा हवी.

मनीषनगर_बाबा

ताई, घुंगरूताईंचा अनुभव मोठा आहे, त्यांच्यापुढे मी काही जाणकार नाही, पण दुसरी बाजू पण मांडतो. आपल्या राज्य मंडळात दहावीला शास्त्रीय नृत्य-गायनाच्या परीक्षा झालेल्या मुलांना वाढीव गुण मिळतात, आणि ते किती परीक्षा पास केल्या त्यावर ठरतं. माझ्या मुलीला त्याचा फायदा झाला, अकरावीच्या प्रवेशाला त्या गुणांनी फरक पडला. तुम्ही तीन वर्षांनी परत आलात, मुलगी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, दहावीला थोडीच वर्षं उरतात. तोपर्यंत एक परीक्षा जास्त झालेली असली तर पुढची घाई तेवढी कमी. मुलगी स्वतः देते म्हणून राहिली आहे, तिला आवडतं, तर मग काय हरकत? उन्हाचं म्हणाल तर नागपूरची पोरं उन्हाळ्यातच मोठी होतात, सकाळची वेळ मागून घ्या केंद्रावर, बहुतेक वेळा ऐकतात.

अर्थात सीबीएसईच्या शाळेत घालणार असाल तर हा मुद्दा गळूनच पडला. ते आधी ठरवा.

ल्यूकनची_वैदर्भी

बाबा, तुमचा मुद्दा नागपुरात राहणाऱ्यासाठी शंभर टक्के बरोबर आहे. पण इथून बघितलं तर वेगळं दिसतं. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं येण्याआधी मुलीकडून असंच घाईघाईत सगळं करून घेतलं, परीक्षा, निरोपसमारंभ, शाळेचं स्नेहसंमेलन, आणि ती पोरगी इथं आल्यावर कित्येक महिने घुंगरू बांधायलाच तयार नव्हती. नवीन देश, नवीन शाळा, दुपारी चारला अंधार पडतो हिवाळ्यात, त्या वेळी मुलीकडे स्वतःचं असं काहीतरी असावं लागतं जे करताना तिला भीती वाटत नाही. रेवाचं कथक ते असू शकतं. त्याला परीक्षेचा ताण चिकटलेला नको, एवढंच माझं म्हणणं.

आणि आयरिशच्या ग्रेडची पण आल्याआल्या घाई करू नकोस हं. शिक्षिका स्वतः सांगतात कधी तयार आहे ते.

मध्यमा_पूर्णवाली

काकू मी दहावीत आहे आणि मध्यमा पूर्णची तयारी करते आहे म्हणून मुलीच्या बाजूनं सांगते, कारण इथं सगळे मोठेच बोलून राहिले आहेत. परीक्षेची भीती मला कधीच वाटली नाही, भीती वाटायची ती बाहेर आल्यावर "काय विचारलं, काय चुकलं, शेजारच्या मुलीला किती" या प्रश्नांची. ज्या वेळी आईनं काहीच न विचारता सरळ रसवंतीवर नेलं ती परीक्षा मला अजून सगळ्यात जास्त आठवते आणि मार्क पण त्यातच चांगले होते. तिकडे पण तुम्ही बाहेरच बसणार आहात नं, तर रेवा बाहेर आली की पहिली पाच मिनिटं काही विचारू नका, ती स्वतःच सांगेल.

आणि मी पण त्या आयरिश डान्सचे व्हिडिओ पाहिले. एक विचारायचं होतं ल्यूकनच्या मावशींना, ते वरच्या लेव्हलचे लोक एवढे हळू म्युझिकवर काहून नाचतात? लहान मुलांचं फास्ट असतं आणि चॅम्पियन लोकांचं स्लो, उलटं वाटलं मला.

ल्यूकनची_वैदर्भी

काय नजर आहे पोरी! बरोबर पाहिलंस. नवीन मुलांची पावलं साधी असतात म्हणून त्यांना जलद चालीवर नाचवतात, थांबायला जागाच नसते. वर गेलं की चाल संथ होते आणि त्या प्रत्येक बारमध्ये कितीतरी जास्त ठोके, उड्या, वळणं भरायची असतात. मोठ्यांच्या स्पर्धेत हॉर्नपाइप मेट्रोनोमच्या ११३ वर (म्हणजे मिनिटाला ११३ ठोके) असतो आणि ट्रेबल जिग ७३ वर, ७३ म्हणजे ऐकायला अगदी रेंगाळल्यासारखं, पण त्यात एकेका मुलीचे पाय काय काय बोलून जातात! तू विलंबित, म्हणजे संथ लयीतलं, करतेस नं, मग तुला वेगळं सांगायला नको.

घुंगरू_लक्ष्मीनगर

अगदी. विलंबितात लपायला जागा नसते. रसवंतीचं मी माझ्या सगळ्या पालकांना वाचून दाखवणार आहे.

रेवाची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री यांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. आज सकाळी क्लासच्या ताईंशी बोलले, त्या आधी थोड्या नाराज झाल्या पण पढंत रेकॉर्ड करायचं म्हटल्यावर त्यांनाच ते इतकं आवडलं की म्हणाल्या रविवारी तबल्याच्या सरांना पण बोलावते, प्रत्यक्ष तबल्यावर करू. तर प्रवेशिकेचा फॉर्म भरत नाहीये. बाबा, तुमचा मुद्दा डोक्यात ठेवला आहे, परत आल्यावर स्टेट बोर्डलाच घालायचं ठरलं तर तेव्हा सलग बसवीन तिला. रेवाला सांगितलं की आत्ता परीक्षा नाही तर थोडं तोंड पाडलं तिनं, पण मग १२ ग्रेड आहेत ऐकून एकदम खूश, भिंतीवर १२ चौकोन काढून ठेवलेत पेन्सिलनं. आता तिला हळूच समजावायचं आहे की घाई नाही.

एक शेवटचं विचारते. शूज इथून काही घ्यायचे का? आणि पहिल्या दिवशी क्लासला काय घालून न्यायचं?

ल्यूकनची_वैदर्भी

शूज अजिबात घेऊ नकोस, तिकडे जे मिळतं ते बॅलेचं असतं, आयरिशचं वेगळं, काळे, मऊ, वरपर्यंत लेसने बांधायचे. पहिल्या दिवशी कोणी शूज मागत नाही, साध्या मोज्यांवर किंवा हलक्या कॅनव्हासवर उभं करतात. नंतर शिक्षिका सांगतील कुठून घ्यायचे, आणि क्लासमध्ये जुने शूज एकीकडून दुसरीकडे जातच असतात कारण पोरींचे पाय भराभर वाढतात. कडक बुटांना तर अजून खूप वेळ आहे, त्यांचा विचार आत्ता करू नकोस. घालायला शॉर्ट्स किंवा गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट आणि टी-शर्ट, गुडघे दिसले पाहिजेत म्हणजे शिक्षिकेला पाय नीट पाहता येतात, केस घट्ट बांधून. लेगिंग्ज घातली तरी कोणी परत पाठवत नाही.

घुंगरू मात्र चेक-इनच्या बॅगेत टाक, हँडबॅगेत नको, सिक्युरिटीला प्रत्येक वेळी उघडून दाखवायला लावतात आणि वजन पण खातात. पोचल्यावर इथंच मेसेज टाक, तोपर्यंत मी आमच्याकडच्या क्लासमध्ये सप्टेंबरच्या नवीन बॅचचं विचारून ठेवते.